सबवूफर बसवताय? मग मीटर लावूनच गेन सेट करून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात गाड्यांच्या पानावर मायलेज, एअरबॅग, सनरूफ सगळं येतं आणि मी ते आवडीने वाचतो, पण एका गोष्टीवर कधीच काही वाचायला मिळालं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. नवी गाडी घेतली की आपल्याकडची पोरं (आणि पोरंच कशाला, चांगली चाळिशीतली माणसंसुद्धा) महिन्या-दोन महिन्यात डिक्कीत सबवूफर (बेस वाजवणारा मोठा स्पीकर) आणि त्याला पॉवर देणारा अ‍ॅम्प बसवून घेतात, दसरा ते दिवाळी तर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानांपुढे गाड्या लागलेल्या असतात. पैसे चांगले मोजले जातात. आणि सगळी फिटिंग झाल्यावर जे शेवटचं काम, म्हणजे अ‍ॅम्पचा गेन सेट करणं, ते मात्र एका मिनिटात उरकलं जातं. एखादं दणदणीत गाणं लावायचं, स्क्रू ड्रायव्हरने नॉब उजवीकडे फिरवत न्यायचा, काचा थरथरायला लागल्या की थांबायचं आणि "बघा साहेब, काय वाजतोय" म्हणायचं. हे काम नुसत्या कानाने करायचं नसतं, मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) लावून करायचं असतं, आणि गिऱ्हाईकाने ते समोर उभं राहून करून घेतलं पाहिजे, हे सांगायला मी लिहितोय.

मुळात गैरसमज असा की गेन वाढवला की अ‍ॅम्पची ताकद वाढते. तसं काही होत नाही. अ‍ॅम्प ३०० वॉटचा असेल तर गेन कुठेही ठेवा, तो ३०० वॉटचाच. डेकमधून, म्हणजे डॅशबोर्डवरच्या म्युझिक सिस्टीममधून, आरसीए नावाच्या ऑडिओ वायरने जो सिग्नल येतो तो कुठल्या डेकचा २ व्होल्टचा असतो, कुठल्या चांगल्या डेकचा ४ व्होल्टचा, आणि किती व्होल्ट आले की अ‍ॅम्पने पूर्ण ताकद लावायची हे ठरवायला तो नॉब दिलेला असतो. म्हणून बऱ्याच अ‍ॅम्पवर नॉबच्या एका टोकाला ६ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ०.२ व्होल्ट असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. नॉब पूर्ण उजवीकडे नेला म्हणजे तुम्ही अ‍ॅम्पला सांगितलं की ०.२ व्होल्ट आले की जोर संपव. आता डेक ४ व्होल्टचा असेल तर वीसपट जास्त सिग्नल येणार, म्हणजे डेकचा व्हॉल्युम थोडासा वाढवला की अ‍ॅम्पची सगळी ताकद तिथेच संपली, त्याच्या पुढे जो वाढतो तो आवाज नसतो, ती क्लिपिंग असते.

क्लिपिंग म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्या. आवाजाची लाट गोलसर असते, वर जाते खाली येते. अ‍ॅम्पकडे जेवढे व्होल्ट आहेत त्याच्या वर लाट जाऊ शकत नाही, ठेंगण्या माळ्यावर ताठ उभं राहायला गेलं की डोकं कौलाला टेकतं तसं, मग लाटेचा माथा सपाट कापला जातो आणि गोल लाटेची चौकोनी लाट व्हायला लागते. पूर्ण चौकोनी लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ३०० वॉटचा अ‍ॅम्प जोरात क्लिप झाला तर वूफरकडे जवळपास ६०० वॉटपर्यंत जायला लागतात, आणि ती सगळी जादा पॉवर व्हॉईस कॉइल (वूफरच्या आतली तारेची गुंडाळी) तापवण्यात जाते. कॉइलच्या बारीक तारेवरचा लॅकर आणि गोंद जळायला लागतो, गाडीत जळका वास येतो, लोकांना वाटतं क्लच जळतोय. मग खरखर चालू होते, आणि एक दिवस वूफर बंद.

माझ्या भाच्याच्या गाडीत अगदी हेच झालं. नवाकोरा १२ इंची वूफर, हौसेने घेतलेला, थोड्याच दिवसात कॉइल गेली. दुकानात नेला तर म्हणाले कॉइल जळलीय, ही वॉरंटीत बसत नाही, आणि वर "तुम्ही बेसची गाणी फार लावता". अहो वूफर बेसची गाणी लावायलाच घेतात ना! नॉब बघितला तर पूर्ण उजवीकडे, बेस वाढवणारा बेस बूस्टचा नॉबही फुल. हे त्या पोराने केलं नव्हतं, फिटिंगच्या दिवशी दुकानातच करून दिलेलं होतं. चूक कुणाची आणि पैसे कुणाचे गेले ते बघा. मला राग त्याचाच येतो, की जे काम पाच-दहा मिनिटांचं आहे आणि ज्याला लागणारा मीटर प्रत्येक वायरमनच्या पिशवीत असतो ते न केल्यामुळे माणसाची हौस जळून जाते.

आता पद्धत सांगतो, म्हणजे तुमच्या वाचकांनी उद्या दुकानात जाऊन तसंच करून मागावं. आधी बॉक्सवरचा मोठा आकडा विसरा. १२०० वॉट मॅक्स वगैरे जे लाल अक्षरात छापतात त्याला काही अर्थ नाही, आतल्या कागदावर आरएमएस वॉट (म्हणजे सतत देता येणारी खरी पॉवर) किती आणि किती ओहमला (ओहम म्हणजे वूफरचा विजेला होणारा विरोध) ते बघा. अ‍ॅम्पवर सीईए-२००६ किंवा सीटीए-२००६ (पॉवर मोजायचं एक प्रमाण) असं लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवायला हरकत नाही, कारण त्यात १४.४ व्होल्टला, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाजातला बिघाड) ठेवून मोजायचं बंधन असतं. अ‍ॅम्पचा आरएमएस आणि वूफरचा आरएमएस यातला जो छोटा तो आकडा घ्यायचा. समजा ३०० वॉट आणि वूफर ४ ओहमचा. दोन्हीचा गुणाकार १२००, त्याचं वर्गमूळ ३४.६. म्हणजे अ‍ॅम्पच्या वूफर टर्मिनलवर ३४.६ व्होल्ट एसी यायला पाहिजेत, त्याच्या वर नाही. आठवीच्या पोराला येणारं गणित आहे हे.

पण इथे ओहम चुकला की सगळं चुकतं, म्हणून थोडं थांबतो. आजकाल बरेच वूफर दोन कॉइलचे येतात, दोन्ही कॉइल ४-४ ओहमच्या असल्या तर पॅरलल जोडून २ ओहम होतात आणि सिरीज जोडून ८. त्याच ३०० वॉटसाठी २ ओहमला २४.५ व्होल्टच लागतात. एखाद्या फिटरने "आम्ही सगळीकडे ३४ लावतो" म्हणून २ ओहमवरही ३४ लावले तर तो अ‍ॅम्पकडून जवळपास ६०० वॉट मागतोय. म्हणून जोडणी कशी केलीय ते आधी विचारायचं, आणि अ‍ॅम्प २ ओहमला चालतो का तेही.

मग वूफरच्या वायरी अ‍ॅम्पमधून काढून ठेवायच्या. डेकमध्ये इक्वलायझर फ्लॅट, लाउडनेस बंद, अ‍ॅम्पवर बेस बूस्ट शून्य, लो पास फिल्टर (फक्त खालचे सूर पुढे सोडणारा) ८० हर्ट्झच्या आसपास. गेन पूर्ण डावीकडे. गाडी मोकळ्या जागेत चालू ठेवायची, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही. पेन ड्राइव्हवर ५० हर्ट्झचा टेस्ट टोन (एकच सलग सूर) घ्यायचा, शून्य डीबीवर म्हणजे डिजिटल रेकॉर्डिंगच्या कमाल पातळीवर रेकॉर्ड केलेला, आणि डेकचा व्हॉल्युम पाऊण ठेवायचा म्हणजे ४० पर्यंत जात असेल तर ३०, कारण फुलच्या जवळ गेला की बरेच डेक स्वतःच क्लिप होतात आणि घाण सिग्नल आला तर पुढे अ‍ॅम्प काय करणार. मीटर एसी व्होल्टवर, दोन्ही टोकं अ‍ॅम्पच्या वूफर टर्मिनलला, आणि नॉब हळूहळू फिरवत आपला आकडा आला की हात काढून घ्यायचा. संपलं. ५० हर्ट्झच का, तर आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची आहे आणि साधा स्वस्तातला मीटरसुद्धा त्याच फ्रिक्वेन्सीला धरून बनवलेला असतो, त्यामुळे तिथे तो बरोबर दाखवतो.

काही जण म्हणतात शून्य डीबीचा टोन घेतला तर गेन फार कमी राहतो, गाणी तेवढी जोरात रेकॉर्ड केलेली नसतात, म्हणून उणे ५ डीबीचा टोन घ्यावा. जुन्या रेकॉर्डिंगसाठी हे पटतं. पण हल्लीची गाणी, विशेषतः रिमिक्स आणि डीजेचे ट्रॅक, इतके दाबून वरपर्यंत भरलेले असतात की माझ्या मते शून्यवालाच धरावा. मीटरला क्लिपिंग दिसत नाही हेही खरं आहे, त्याला फक्त व्होल्ट दिसतात, लाटेचा माथा कापला गेलाय का ते ऑसिलोस्कोपवर दिसतं आणि हातात मावणारे छोटे ऑसिलोस्कोप आता मिळतात, ज्या दुकानात रोज फिटिंग होतात त्यांनी एक घ्यायला काहीच हरकत नाही. पण तो नाही म्हणून मीटरही लावायचा नाही हे कारण मला मान्य नाही.

आणि एकदा गेन सेट झाला की बेस बूस्टला हात लावायचा नाही. हा नॉब गेनपेक्षाही घातक आहे असं मी म्हणेन. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तो ४५ हर्ट्झच्या आसपास उचल देतो आणि १२ डीबी उचल म्हणजे त्या जागी जवळपास सोळापट पॉवरची मागणी! ३०० वॉटचा अ‍ॅम्प कुठून आणणार सोळापट?

मीटरने सेट करून घेतल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाईक हमखास तक्रार करतं की आवाज कमी झाला. भाच्यानेही केली, नवीन वूफर बसवून आम्ही मीटरने सेट केला तेव्हा. आधी डेकचा व्हॉल्युम जरासा वाढवला की काचा हलायच्या, आता बराच वर न्यावा लागतो. अहो तो तसाच पाहिजे, डेकचा व्हॉल्युम वापरायलाच दिलाय. आणि वॉटच्या मागे किती लागायचं तेही बघा, पॉवर दुप्पट केली तर आवाज ३ डीबीने वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डीबी म्हणजे दहापट पॉवर लागते. ३०० च्या जागी ४०० वॉट केले तर फरक सव्वा डीबीचा. तेवढ्यासाठी वूफर जाळायचा? स्वच्छ बेसमध्ये ढोलकीची थाप वेगळी आणि बेस गिटार वेगळी ऐकू येते, क्लिप झालेल्यात नुसतं धुम्म धुम्म एकच.

कंपनी फिटेड स्क्रीन असलेल्या नव्या गाड्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे डेक बदलता येत नाही म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरवरून हाय लेव्हल इनपुट घेतात, आणि बऱ्याच कंपनी सिस्टीम व्हॉल्युम वाढवला की बेस आपोआप कापतात, छोट्या स्पीकरला जपायला. त्यामुळे कमी व्हॉल्युमला सगळं जुळतं आणि वाढवला की बेस गायब, मग फिटर गेन ढकलतो आणि कमी व्हॉल्युमला सगळं धुम्म होतं. अशा गाडीत ज्या व्हॉल्युमला तुम्ही खरंच ऐकता तिथला बेस आणि जास्तीत जास्त व्हॉल्युमचा बेस दोन्ही मीटरवर बघून मगच गेन ठरवायला लावा.

वायरबद्दल दोनच वाक्यं. ३०० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प जोरात वाजताना २५-३० अँपिअर ओढतो, तिथे तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची बारीक वायर टाकली किंवा अर्थिंग पेंट न खरवडता बोल्टला गुंडाळलं तर व्होल्टेज पडतं, प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होतात आणि अ‍ॅम्प आणखी लवकर क्लिप होतो. आणि फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे, नाहीतर मधे कुठे वायर घासली तर ती पेट घेऊ शकते, याच्यात तडजोड नको.

शेजाऱ्यांचाही विचार आहेच. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. गेन फुल ठेवलेल्या गाडीत व्हॉल्युमचा नॉब जरा सरकला की आवाज एकदम अंगावर येतो, रात्री सोसायटीत गाडी लावताना तो पटकन खालीही आणता येत नाही कारण मधली पायरीच नसते.

दुकानदारांवर माझा राग नाही. त्यातली बरीच पोरं आयटीआय केलेली आहेत, त्यांना एसी व्होल्ट मोजायला मी शिकवायची गरज नाही, पण गिऱ्हाईक मागत नाही आणि मालक घाई करतो म्हणून मीटर पिशवीतच राहतो. म्हणून वाचकांना विनंती, बिलावर अ‍ॅम्पचा आरएमएस, वूफरची जोडणी किती ओहमला केली आणि टर्मिनलवर किती व्होल्टला गेन सेट केला हे तीन आकडे लिहून घ्या, आणि नॉबवर मार्करने खूण करून घ्या, म्हणजे पुढे सर्व्हिसिंगला कुणी फिरवला तर कळेल. वॉरंटीचा वाद झाला तर तो कागद हातात असतो.

आणि संपादक साहेब तुम्हाला विनंती, दसऱ्याच्या आधी गाड्यांच्या पानावर यासाठी पाव पान द्या, एखाद्या चांगल्या फिटरला बोलावून फोटोसकट छापा, मीटर कुठे लावायचा ते फोटोत दिसलं की लोकांना लगेच कळेल.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर