उसण भरली की लगेच एमआरआय कशाला?

महोदय,

मार्केट यार्डात हळदीची पोती उचलताना किंवा रानात ऊसतोड करताना कंबरेत उसण भरली, की चार-आठ दिवसांतच मिरजेला येऊन एमआरआय काढायचा, अशी आता सांगली जिल्ह्यात रीतच पडली आहे. अनेकदा डॉक्टरांआधी घरचेच आग्रह धरतात. यात क्ष-किरण नाहीत, मग काढायला काय हरकत, असे त्यांना वाटते. यंत्रापासून सहसा अपाय होत नाही हे खरे. तो होतो रिपोर्ट हातात पडल्यावर.

एमआरआयच्या 'टी-टू' नावाच्या प्रकारच्या चित्रात पाणी पांढरे दिसते. वयाबरोबर मणक्यांमधल्या चकतीतले पाणी कमी होते, ती काळी दिसू लागते, आणि 'एल-फोर एल-फाइव्हला डिस्क बल्ज' (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगली आहे) अशी ओळ रिपोर्टात उतरते. कंबर न दुखणाऱ्या ३,११० लोकांवरचे ३३ अभ्यास एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या ६८ टक्के लोकांत चकतीची झीज आणि ५० टक्के लोकांत बल्ज आढळला. म्हणजे पन्नाशीच्या हमालाच्या रिपोर्टात हे नसते, तरच नवल! पण त्याला 'गॅप पडलाय, नस दबलीय' असे सांगितले जाते. मग तो वाकायला घाबरतो, काम सोडतो आणि स्नायू आणखी कमजोर होतात.

लवकर चित्र काढून रुग्ण लवकर बरा होतो का, हेही तपासले गेले आहे. २००३ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या ३८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाचा साधा एक्स-रे, दुसऱ्याचा झटपट एमआरआय. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे दुखणे आणि हालचाल जवळपास सारखीच होती. मणक्याच्या शस्त्रक्रिया मात्र एमआरआय गटात १० झाल्या, एक्स-रे गटात ४. हे आकडे लहान आहेत, त्यावरून ठाम बोलता येणार नाही. पण विचार करायला लावणारे नक्कीच आहेत. २०१३ चा नेदरलँड्समधला अभ्यास सायटिकाच्या, म्हणजे कंबरेतली नस दबून पायात कळ जाणाऱ्या रुग्णांचा. उपचारानंतर वर्षाने पुन्हा एमआरआय केला, तेव्हा बरे वाटणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांत आणि न वाटणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांत चकती सरकलेलीच दिसली. त्यामुळे पाय दुखायचा थांबला असताना 'आता गादी (चकती) जागेवर आली का' हे बघायला पुन्हा पैसे घालवू नयेत.

कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर आपल्याकडच्या प्रत्येक डॉक्टराने वाचावा. एका गटाला रिपोर्टातले दोष जसेच्या तसे समजावले, दुसऱ्याला हे वयोमानाचे बदल आहेत असे सांगितले, उपचार सारखेच. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाची भीती जास्त आणि सुधारणा कमी होती. मात्र 'असे बदल निरोगी माणसांतही दिसतात' एवढी ओळ रिपोर्टात नुसती छापून भागत नाही. अमेरिकेत दोन लाखांहून अधिक रुग्णांवर तसे करून पाहिले, पण पुढच्या तपासण्या-शस्त्रक्रियांचा एकूण वापर काही घटला नाही. रुग्णाला समोर बसवून, त्याच्या भाषेतच सांगावे लागते.

एमआरआयचे चित्र वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरकडे, म्हणजे रेडिओलॉजिस्टकडे, येणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा 'एलएस स्पाइन (कंबरेचे मणके) एमआरआय' एवढेच असते. कोणता पाय, किती दिवसांपासून, बधिरपणा अंगठ्याकडे की करंगळीकडे, ताप, वजन, आधीची शस्त्रक्रिया किंवा कर्करोग हे लिहिलेले नसेल, तर दिसलेल्या पाच दोषांपैकी दुखणारा कोणता हे चित्र बघून सांगता येत नाही.

साध्या उसणीत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त झोपून राहू नये, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घेऊन चालते-फिरते राहावे. सहा आठवड्यांत फरक पडला नाही आणि इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर एमआरआय जरूर करावा.

काही रुग्णांनी मात्र सहा आठवडे थांबायचेच नाही. संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठवणारी वेदना: आपल्याकडे याचा अर्थ मणक्याचा क्षयरोग असू शकतो. हाड बरेच पोखरल्याशिवाय तो साध्या एक्स-रेत दिसत नाही. एमआरआयमध्ये हाडातली सूज आधीच कळते. तेव्हा पूर्ण मणक्याचे चित्र मागावे, कारण दुसरा डाग लांबच्या मणक्यातही असतो. कर्करोग होऊन गेलेल्यांनीही थांबू नये.

आणि लघवी तुंबली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नये. जत-आटपाडीहून यायलाच दीड-दोन तास जातात, म्हणून रात्रीच निघावे आणि निघण्यापूर्वी फोन करून एमआरआय व मणक्याचे सर्जन दोन्ही त्या वेळी मिळतील का, हे विचारून घ्यावे.

– मणक्याच्या रुग्णांवर उपचार करणारे काही डॉक्टर व रेडिओलॉजिस्ट, सांगली-मिरज