मत्स्यालयात आपलेच मासे दिसू द्या

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. पाठोपाठ ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट पकडायचं नाही, ३७० पेक्षा लहान सुरमई पकडायची नाही. दोन्ही निर्णय चांगलेच. पण सामान्य माणसाला हे कळायचं कुठे? माझ्या मते समुद्रकाठच्या मत्स्यालयात.

दिवाळीच्या सुट्टीत सासूबाई, जाऊबाई, पोरंटोरं असे आम्ही सगळे कोकणातलं एक छोटं मत्स्यालय पाहायला गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाच्या नोकरीवर गदा नको. खिडकीतून समुद्राची गाज ऐकू येत होती आणि काचेमागे होते गोल्डफिश, ऑस्कर, एंजलफिश. सगळी गोड्या पाण्यातली परदेशी मंडळी, पुण्यातल्या फिशटँकच्या कुठल्याही दुकानात दिसणारी. वर निळा दिवा आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या. खाऱ्या पाण्याच्या टाक्या होत्या, पण कोरड्या. काचांवर वर्तमानपत्रं चिकटवलेली.

"पापलेट कुठाय?" पुतणीने विचारलं. तिथल्या मुलाने सरळ सांगितलं, पापलेट नाजूक, टाकीत तग धरत नाही. पटलं. पण गोबरा धरतो! कोपऱ्यातल्या एकुलत्या एक भरलेल्या खाऱ्या टाकीत तो होता, चांगला हातभर. कपारीतून पुढे आला, काचेशी येऊन कल्ले हलवत थांबला आणि डोळे फिरवून एकेका पोराला न्याहाळू लागला. पोरं तिथून हलेनात. ("कालवणाला बरा आहे," असं सासूबाई म्हणाल्या, ते सोडा.)

बाकीच्या टाक्या रिकाम्या का, तर लाईट गेली की पंप बंद. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो, त्यात पंप थांबला की मासे दगावतात. जनरेटर आहे, डिझेलला पैसे नाहीत.

मोठ्या, जागतिक दर्जाच्या मत्स्यालयांच्या घोषणा आम्ही वाचतो. मरीन ड्राइव्हवरचं १९५१ सालचं तारापोरवाला मत्स्यालय कोविडच्या काळात बंद झालं, तेव्हा मुंबईलाही नवं हवंच. पण या छोट्यांची गरज फार थोडी आहे. पंपाला बॅटरी द्या, डिझेलची तरतूद करा. पाणी दारात आहे. निवट्या, चिंबोऱ्या, तांबोशी, शंखात बिऱ्हाड करणारे खेकडे गावचे कोळी आणून देतील. चिखलावर उड्या मारणारी निवटी एकदा पाहिली की गोल्डफिशकडे कोण बघतंय? रत्नागिरीच्या झाडगावातल्या संशोधन केंद्रात देवमाशाचा सांगाडा आहे, त्यापुढे मोठी माणसंसुद्धा आ वासून उभी राहतात.

आणि पापलेट जिवंत ठेवता येत नसेल तर तिकीट खिडकीशी त्याचं खऱ्या मापाचं चित्र लावा, बाजूला १३५ मिलिमीटरची ठळक खूण करा. बाजारात इवलीशी पापलेटं स्वस्तात मिळाली म्हणून हरखणारी गिऱ्हाइकं याच रांगेत उभी असतात. नियम फक्त जाळं टाकणाऱ्याला सांगून भागत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पर्यटकही तुरळक असतात. टाक्यांची डागडुजी तेव्हा उरकता येईल. फक्त निविदा मे महिन्याच्या आत निघायला हवी.

कळावे,
कोकणात सुट्टीला येणारी एक पुणेकर