डिपॉझिटमधून कापलेले ₹७,५०० परत मिळण्याबाबत

दि. १४ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
सेल्फ-ड्राइव्ह कार विभाग,
वर्धा रोड शाखा, नागपूर

महोदय,

२७ ते २९ डिसेंबर असे तीन दिवस मी तुमच्याकडून गाडी भाड्याने घेतली होती. भाड्याचे ₹७,२०० आणि डिपॉझिटचे ₹१०,००० आधीच भरले. आईला रामटेकचा गड दाखवायचा आणि पुढे सिल्लारीला जाऊन पेंच बघायचं, असा आमचा बेत होता. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. गडावर गाडी वरपर्यंत जाते, म्हणूनच स्वतःची गाडी हवी होती. प्रवास छान झाला. गाडीच्या इंजिनाबद्दल किंवा नागपूरकरांबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती गाडी परत करतानाच्या अर्ध्या तासाची. मागच्या बंपरवरचा ओरखडा दाखवून तुमच्या माणसाने ₹६,००० आणि ‘क्लीनिंग’चे ₹१,५०० कापले. तो ओरखडा गाडी ताब्यात घेतानाच तिथे होता. माझ्या मुलीने तेव्हा गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात ओरखडा स्वच्छ दिसतो आणि तुमच्याच कर्मचाऱ्याचा आवाजही ऐकू येतो : ‘टेन्शन नका घेऊ ना ताई, ते जुनंच आहे.’ परतीच्या दिवशी काउंटरवर दुसरे गृहस्थ होते. त्यांनी व्हिडिओ बघायलाही नकार दिला. बिल मागितलं तर म्हणाले, मेल येईल. आज सोळा दिवस झाले, मेल आलेला नाही.

आम्हाला महाराष्ट्र एक्सप्रेस गाठायची होती. हातात सामान, सोबत आई. वाद घालत बसणं शक्य नव्हतं. हे त्या गृहस्थांना पुरतं ठाऊक होतं आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं. बाहेरगावचा माणूस आज जाईल, साडेसातशे-आठशे किलोमीटरवरून पुन्हा कशाला येईल, या हिशोबावर पैसे कापले गेले असं माझं स्पष्ट मत आहे.

तो हिशोब चुकीचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे मला नागपूरला यायची गरज नाही, साताऱ्यात दाद मागता येईल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागतोच असं नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. मोबाइलच्या पडद्यावर घाईघाईत सही घेतलेल्या करारात ‘नुकसानीबाबत कंपनीचा निर्णय अंतिम’ अशी ओळ आहे, पण तिने आयोगाचा दरवाजा बंद होत नाही. सेवेचं बिल न देणं ही तर याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. ती तुमच्यापर्यंत पोचेलच.

आणखी एक गोष्ट साताऱ्याला आल्यावर भावाच्या लक्षात आली. फोटोतल्या गाडीला पांढऱ्या पाटीवर काळा नंबर आहे. स्वतः चालवायला भाड्याने देण्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं लागतात. खाजगी नोंदणीची गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. आईला मागच्या सीटवर बसवून मी तीन दिवस हायवेवर आणि जंगलाच्या वाटेने ती गाडी चालवली. साडेसात हजारांपेक्षा मला याचा राग जास्त आहे. त्या गाडीची नोंदणी आणि विमा कोणत्या वापरासाठी आहे, ते कागदपत्रांसह कळवा.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत ₹७,५०० ज्या यूपीआय खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत आणि भाड्याचं जीएसटी बिल पाठवावं. यापुढे गाडी देताना आणि घेताना जुन्या ओरखड्यांची नोंद कागदावर करून दोघांच्या सह्या घ्या. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यासाठी मी हे मागते आहे. मुदतीत पैसे आले नाहीत तर मी सातारा जिल्हा आयोगात तक्रार दाखल करेन आणि मनस्तापाची भरपाईही मागेन.

उत्तर ई-मेलवर लेखीच द्यावं. फोनवरचं बोलणं मी आता ग्राह्य धरणार नाही.

आपली ग्राहक,
(सही)
सातारा

सोबत : गाडी घेतानाचा व्हिडिओ, परत करतानाचे फोटो, पैसे भरल्याच्या पावत्या, कराराची प्रत