परत आलेले तीन चार्ट

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे पेशंटच्या चार्टमधल्या आजारांना ठरलेले कोड देण्याच्या, तुझ्या कामातले तीन चार्ट ऑडिटमधून परत आले, हे काल अगदी फोन ठेवता ठेवता सांगितलंस. आवाजावरून मला आधीच कळलं होतं. त्यातला 'शक्यता'वाला घोळ मीही घातलाय, अगदी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात.

ओपीडीचा चार्ट होता. ताप, खोकला, एक्स-रे मागवलेला आणि पुढे 'न्यूमोनियाची शक्यता'. मी जे१८.९, न्यूमोनियाचा कोड, टाकून मोकळी! ऑडिटर बाईंनी एवढंच विचारलं, "न्यूमोनिया झालाय असं डॉक्टरांनी लिहिलंय कुठे?" आयसीडी-१०-सीएमच्या, म्हणजे आपण वापरतो त्या आजारांच्या कोडच्या यादीच्या, नियमाप्रमाणे ओपीडीत 'शक्यता', 'संशय', 'रूल आउट' (नाही ना, ते तपासायचंय) लिहिलेलं असेल तर आजाराचा कोड द्यायचा नाही, लक्षणांचा द्यायचा. ताप, म्हणून आर५०.९. आणि गंमत अशी, की भरती झालेल्या पेशंटच्या डिस्चार्जलाही निदान 'शक्यता'वरच अडलेलं असेल, तर तो आजार आहे असं धरूनच कोड द्यायचा. शब्द तोच, नियम उलटा. तेव्हा आधी चार्ट कुठला ते बघ, मग वाच.

फ्रॅक्चरच्या कोडमधल्या सातव्या अक्षराचंही तसंच, उपचार कुठल्या टप्प्यावर आहेत ते सांगणाऱ्या. 'ए' म्हणजे 'इनिशियल एन्काउंटर', म्हणून सगळे नवशिके पहिल्या भेटीलाच 'ए' लावतात. पण मूळ उपचार चालू आहेत तोवर 'ए'च, मधे डॉक्टर बदलला तरी. हाड जुळत असताना नेहमीच्या तपासणीला आला, की 'डी'. हे नाव ज्याने ठेवलं त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

रोज अमुक इतके चार्ट संपवायच्या टार्गेटचं म्हणशील, तर वेग आपोआप येतो. त्याच्या नादात इंडेक्समधूनच, म्हणजे आजारांच्या नावांच्या सूचीतूनच, कोड उचलू नकोस. टॅब्युलर लिस्ट, म्हणजे कोडची सविस्तर यादी, उघडून खालची 'एक्सक्लूड्स'ची (यात काय धरायचं नाही याची) टीप वाच. पाठांतरावरही फार विसंबू नकोस, दर १ ऑक्टोबरला कोड बदलतात. आणि चार्टमध्ये नसलेलं अंदाजाने भरण्यापेक्षा क्वेरी टाक, डॉक्टरांनाच लेखी विचार. डॉक्टर वैतागतील, वैतागू देत.

रविवारी बाकीच्या दोन चार्टचं बोलू. फक्त कुठे अडलीस तेवढं सांग. पेशंटचं नाव, तारीख, स्क्रीनचा फोटो, काहीही नको. मलासुद्धा नाही.

तुझी,
आई