विकर रोखले म्हणजे कर्करोग रोखला, असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जीवरसायनशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. अलीकडेच एका माजी विद्यार्थ्याने वडिलांसाठी इंटरनेटवरून मागवलेली, शार्क माशाच्या कूर्चेच्या कॅप्सूलची बाटली माझ्यापुढे ठेवून विचारले, ‘‘सर, याने गाठ पसरवणारे एन्झाइम थांबतात म्हणे, देऊ का?’’ वडिलांना मूत्रपिंडाचा कर्करोग आहे आणि तो फुप्फुसापर्यंत गेला आहे. त्याला दिलेले उत्तर इतर कुटुंबांनाही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र.

या दाव्यामागची मूळ कल्पना खोटी नाही. बेडकाच्या पिल्लाची शेपटी विरघळते कशी, याचा शोध घेताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना १९६२ मध्ये कोलॅजेन, म्हणजे ऊतींना बळकटी देणारे प्रथिन, तोडणारे विकर (एन्झाइम) सापडले. त्याच्या ‘एमएमपी’ नावाच्या कुळात आज वीसहून अधिक विकरे मोजली जातात. त्यांतील एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही दोन पेशींच्या थराखालील आधारपटलातले कोलॅजेन कापतात, आणि ही वाट मोकळी झाली की कर्कपेशींना रक्तवाहिनीपर्यंत पोहोचणे सोपे जाते. शरीरात या विकरांना आवर घालणारी ‘टिम्प’ नावाची प्रथिनेही असतात. तेव्हा बाहेरून असाच अवरोधक, म्हणजे विकर रोखणारा पदार्थ, दिला तर रोगाचा प्रसार थांबेल, ही अपेक्षा स्वाभाविक होती.

ती फळाला आली नाही. मारिमास्टॅटसारख्या विकर-रोधक औषधांनी रुग्णांचे स्नायू आणि सांधे दुखू लागले, पण आयुष्य वाढल्याचे मोठ्या चाचण्यांत दिसले नाही. शार्कच्या कूर्चेपासूनच तयार केलेल्या निओव्हास्टॅट या अर्काची तर पसरलेल्या मूत्रपिंड-कर्करोगाच्या सुमारे ३०० रुग्णांवर तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. आधीच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली होती; या चाचणीत मात्र औषध घेणारे अधिक काळ जगले नाहीत. शुद्ध केलेल्या, मोजून दिलेल्या अर्काची ही गत झाली असताना बाटलीतल्या कॅप्सूलकडून अधिक कसली अपेक्षा धरायची?

असे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे. एक तर रुग्ण चाचणीत येईपर्यंत पेशी आधारपटल ओलांडून कधीच पुढे गेलेल्या होत्या. शिवाय ही विकरे केवळ वाट मोकळी करत नाहीत: एमएमपी-९ कोलॅजेनमधून टमस्टॅटिन नावाचा असा तुकडा सुटा करते, की जो नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतो. सरसकट सगळी विकरे बंद केली, तर हे संरक्षणही जाते. अवरोधकांचेही तसेच आहे. टिम्प-१ हे विकराला आवरते, पण पेशींची वाढ आणि तग धरणे यांनाही हातभार लावते, आणि मूत्रपिंडाच्या गाठीत त्याचे प्रमाण वाढलेले असणे हे रोग गंभीर असल्याचे लक्षण म्हणून नोंदले गेले आहे. ‘अवरोधक म्हणजे चांगला’ हे समीकरण इथेच कोलमडते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट तर याच्या उलट दिशेची आहे. मूत्रपिंडाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या ‘क्लिअर सेल’ प्रकारात पेशीच्या आतले प्रथिन-विघटनच बिघडलेले असते. निरोगी पेशीत व्हीएचएल प्रथिनामुळे ‘हिफ’ या प्रथिनावर नष्ट करण्याची खूण बसते आणि प्रोटिअसोम, म्हणजे नकोशी प्रथिने तोडणारी पेशीतली यंत्रणा, त्याचे तुकडे करते. व्हीएचएल निकामी झाले की हिफ साचते आणि रक्तवाहिन्या वाढवण्याचे संदेश अखंड सुटत राहतात. पेशी ऑक्सिजनचे प्रमाण कसे ओळखतात, या संशोधनासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले, त्यात हा धागा मध्यवर्ती होता. प्रोटिअसोम रोखणारे बोर्टेझोमिब हे औषध मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात उपयोगी ठरले, पण मूत्रपिंडाच्या कर्करोगात मोजक्याच रुग्णांच्या गाठी आटल्या. उलट साचलेल्या हिफपैकी हिफ-२ ला थेट निष्प्रभ करणाऱ्या बेल्झुटिफान या औषधाला अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएलच्या आनुवंशिक विकारासाठी आणि २०२३ मध्ये आधीचे उपचार घेतलेल्या, मूत्रपिंड-कर्करोग प्रगत अवस्थेत असलेल्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली.

म्हणून आपल्या आरोग्य पुरवणीला विनंती, की ‘एन्झाइम रोखणारे’ असा दावा छापताना कोणते विकर, कर्करोगाचा कोणता प्रकार आणि माणसांवरील चाचणीचा निकाल काय, या तीन गोष्टी लेखकाकडून मागून घ्याव्यात. लघवीतून रक्त जाणे हे मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते, म्हणून दुखले नाही तरी तपासणी लांबवू नये, ही सूचनाही त्याच पानावर ठळकपणे द्यावी.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा