सूचना : जुने फुल-रेंज स्पीकर दुरुस्तीला आणण्यापूर्वी

पुढच्या बैठकीला जुने फुल-रेंज, म्हणजे खालचे-वरचे सगळे स्वर एकट्यानेच वाजवणारे, स्पीकर आणणाऱ्या सर्व सभासदांसाठी.

घरी काहीही खोलू नका. अल्निको (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या) चुंबकाचे स्पीकर तर मुळीच नको. चुंबक भोवतीच्या लोखंडी भागांतून सुटा केला की त्याची ताकद बरीच उतरते आणि तो पुन्हा चुंबकित करण्याची सोय आपल्याकडे नाही.

कोनवर (स्पीकरच्या पुढच्या कागदी शंकूवर) समोरासमोर बोटे ठेवून तो अगदी हलकेच, सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल (कोनमागची, चुंबकाच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) घासते आहे. पुष्कळदा फटीत लोखंडाचा कीसच अडकलेला असतो. तो बैठकीत चिकटपट्टीने काढू. फुंकर मारू नका, चुंबक तो सोडत नाही.

मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओहम दाखवतो. तो बिघाड नव्हे. फिलिप्सचा ९७१० असेल तर मात्र मागचे लेबल नीट वाचा. तो ८०० ओहमचाही निघत असे, आउटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरशी मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर) नसलेल्या व्हॉल्व्ह सेटसाठी, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या जुन्या रेडिओसाठी. असा स्पीकर नेहमीच्या अॅम्प्लिफायरला जोडला की जेमतेम कुजबुजतो आणि लोक ठणठणीत माल भंगारात काढतात!

कोनच्या कडेला चीर असल्यास तशीच राहू द्या. फेव्हिकॉलचा जाड थर दिलेला कोन वाचवणे फार कटकटीचे होते. टिश्यू पेपर आणि पातळ केलेला गोंद आम्ही आणू.

ऐकण्यासाठी गाण्यापेक्षा निवेदनाचे, बोलण्याचे रेकॉर्डिंग आणा. माणसाच्या आवाजात दोष लगेच कळतो. जोडीतले दोन्ही स्पीकर आणा, एकच बिघडला असला तरी.