आईसोबत चलन का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझी ३४ वर्षं गेली. तिथे वॉशरची एक पेटी या शेडमधून त्या शेडमध्ये गेली तरी तिच्यासोबत चलन, म्हणजे मालाची नोंद असलेला कागद, जायचं. काय पाठवलं, किती नग, कुठल्या अवस्थेत, देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. चलन नसेल तर माल गेटवर अडायचा, मग साहेब कितीही ओरडोत. गेल्या वर्षी माझी ९१ वर्षांची आई रुग्णालयातून घरी आली, तेव्हापासून ते चलन मला सारखं आठवतं. पत्र लिहायला एवढा उशीर झाला, कारण मधले महिने तिच्याच उठबशीत गेले.

तिला न्यूमोनिया झाला होता. तोवर ती घरात भिंतीला हात लावत का होईना, हिंडायची. आंघोळ स्वतः करायची आणि मी मदतीला गेलो तर मलाच बाहेर काढायची. रुग्णालयात ११ दिवस होती. उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. न्यूमोनिया गेला, तिचा जीव वाचला. पण त्या ११ दिवसांत तिचे पाय जमिनीला लागले ते फक्त दोनदा, दोन्ही वेळा एक्स-रेच्या चाकाच्या खुर्चीत बसताना. ‘आजी पडतील, उठवू नका,’ असं सिस्टर सांगायच्या. त्यांचंही खरं होतं, एवढ्या मोठ्या वॉर्डला रात्री त्या दोघीच असायच्या. लघवीची नळी पहिल्या दिवशी घातली ती शेवटच्या दिवशी काढली. मधल्या दिवसांत ती कशासाठी होती हे कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

शनिवारी संध्याकाळी डिस्चार्ज झाला. हातात एक जाड फाइल, एक कार्ड आणि औषधांची पिशवी. ‘आता काही काळजी नाही, घरी न्या.’ फाइलमध्ये रक्ताचे सगळे आकडे होते. आई आता आधाराशिवाय उभी राहू शकत नाही, ही एवढी गोष्ट तेवढी कुठेच लिहिलेली नव्हती.

आईच्या जुन्या गोळ्या चार होत्या. कार्डावर नव्या पाच. जुन्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, याबद्दल कार्डावर अवाक्षर नाही. आम्ही आज्ञाधारक माणसं, नऊही देत राहिलो. पाचव्या रात्री ती पलंगावरून उठली, उभी राहिली आणि तिथेच कोसळली. हाड मोडलं नाही हे नशीब. कपाळाला मात्र टेंगूळ आणि मनात अशी भीती की पुढचा महिनाभर तिनं पलंगाची कड सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या आणि भिंग घेऊन बसलो. स्टोअरमधली सवय: पाकिटावरचं मोठं नाव वाचायचं नाही, आतला माल काय ते बघायचं. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. नावाखाली बारीक अक्षरांत घटक मात्र एकच, अ‍ॅम्लोडिपिन, दोन्हींत ५ मिलिग्रॅम. आई पाच दिवस दुप्पट डोस घेत होती. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी घरी येऊन रक्तदाब आधी झोपवून मोजला, मग उभं करून मोजला. वरचा आकडा २८ नं उतरला. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत तो २० नं उतरला तरी दखल घ्यायची असते, असं त्यांनी सांगितलं. एक गोळी बंद केली आणि आठवड्याभरात तिची चक्कर गेली.

यात डॉक्टरांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. जुनी गोळी एकानं लिहिलेली, नवी दुसऱ्यानं, आणि दोघांमध्ये निरोप्या कोण, तर ९१ वर्षांची आजारी बाई आणि भिंग शोधणारा तिचा ६८ वर्षांचा मुलगा. हे फक्त आमच्याच घरात घडतं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम जाहीर केली. तिच्यात ज्या तीन गोष्टींना अग्रक्रम दिला, त्यांतली एक म्हणजे एकाच वेळी चालू असलेली अनेक औषधं आणि दुसरी म्हणजे रुग्ण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो ती वेळ. वाचून वाटलं, आमच्या टेबलावरचाच पसारा कुणीतरी बघून गेलंय.

आता पायांचं. वय झालं, आजार झाला, पाय जाणारच, असं मला तीन जणांनी ऐकवलं. मग एक प्रयोग वाचनात आला. निरोगी वयस्कर माणसांना १० दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांच्या स्नायूंत सरासरी एक किलोच्या आसपास घट झाली. ती माणसं धडधाकट होती. माझ्या आईला ताप होता, खाणं सुटलं होतं आणि वर एक दिवस जास्त. म्हणजे तिचे पाय वयानं जेवढे नेले, तेवढेच पलंगानंही नेले. आणि ही काही आज कळलेली गोष्ट नव्हे. १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे वर्षानुवर्षं अंथरुणात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांचे वॉर्ड आले. त्यांनी एकेकाला नीट तपासलं, आजार ओळखला, उठवलं, चालवलं, आणि त्यांतले कितीतरी जण घरी गेले. वृद्धांच्या वैद्यकशास्त्राची सुरुवात या ‘उठवण्या’तून झाली, आणि आपण अजून ‘उठवू नका’ म्हणतो.

घरी आल्यावरचा प्रश्न तर औषधांचा उरतच नाही. तिला पलंगावरून खुर्चीत कसं घ्यायचं? माझ्या पत्नीनं काखेत हात घालून उचललं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची कंबर धरून बसली. काखेत धरून ओढायचं नसतं. आधी कडेला बसवायचं, पावलं मागे घ्यायला लावायची, पुढे झुकू द्यायचं आणि उठायचं काम शक्य तेवढं तिचं तिलाच करू द्यायचं, हे आम्हाला सहा आठवड्यांनी आलेल्या फिजिओंनी दहा मिनिटांत शिकवलं. ती दहा मिनिटं डिस्चार्जच्या आधी मिळाली असती तर एका घरात दोन रुग्ण झाले नसते. रुग्णालयाला विचारलं, तर ‘घरचं तुम्ही बघा’. घरी मदतनीस पुरवणाऱ्यांना विचारलं, तर ‘औषधाचं आम्हाला सांगू नका, ते डॉक्टरांचं’. आरोग्य एका खात्यात, आधार दुसऱ्या खात्यात, आणि दोन्ही खात्यांच्या मधल्या पॅसेजमध्ये आमची आई.

असं असायलाच हवं असं नाही. जपाननं एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून पुढचे लोक त्यात हप्ता भरतात. वृद्धाला किती मदत लागते याची तपासणी होते, सात पायऱ्यांपैकी एक ठरते, आणि मग केअर मॅनेजर त्याच्या मदतीचा आराखडा करतो. तिथेही पैशांची आणि माणसांची ओढाताण आहेच. पण कुणाला फोन करायचा, हे घरच्यांना ठाऊक असतं. मला हेवा वाटला तो एवढ्याचाच. माझ्याकडे फोन नंबर सात होते, आणि सातही ठिकाणी मी पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायचो.

मोठी योजना येईल तेव्हा येवो. मी मागतोय ते एक चलन. रुग्णालयातून निघणाऱ्या प्रत्येक वृद्धासोबत एक कागद, मोठ्या अक्षरात. चालू ठेवायची औषधं, बंद केलेली औषधं, नवी औषधं, तीन वेगळ्या रकान्यांत आणि घटकाच्या नावासकट. दाखल होताना माणूस काय काय करू शकत होता आणि आज काय करू शकतो. नळी, जखम, गिळायला त्रास असेल तर तो. उचलायचं कसं ते दाखवलं, कुणाला दाखवलं. आणि सर्वांत खाली एका माणसाचं नाव आणि उचलला जाणारा नंबर, जो पहिल्या आठवड्यात स्वतः घरी येऊन बघेल. या भेटीसाठी डॉक्टरच लागतो असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची वृद्धांसाठीची एक सोपी चाचणी आहे: हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, १४ सेकंदांत जमतं का बघायचं. खुर्ची, घड्याळ आणि शिकवलेला आरोग्यसेवक, बस.

कर्मचाऱ्यांना वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. आम्हीही चलनाबद्दल हेच म्हणायचो. मग एकदा चुकीच्या बेअरिंगनं मशीन बसली, दोन दिवस काम ठप्प झालं, आणि त्यानंतर चलनाला वेळ नाही असं कुणी म्हणालं नाही. रुग्णालयातून घरी आलेलं माणूस पुन्हा पडून परत दाखल झालं, तर त्याच सिस्टरना ते रात्रभर सांभाळावं लागतं.

आई आता वॉकर घेऊन खिडकीपर्यंत जाते. पाच उठाबशांतल्या तीन जमतात. वेळ मी मोजत नाही, कारण घड्याळ दिसलं की ती चिडते. आंघोळीला मदत लागते, आणि ती घेताना ती भिंतीकडे तोंड करते.

चलनाचा नमुना मी हातानं आखला आहे. एखाद्या रुग्णालयाला हवा असेल तर आपल्यामार्फत कळवावं, प्रत पाठवीन. सगळं एका पानात बसतं, मागची बाजू कोरी राहते.

आपला,
एक निवृत्त स्टोअरकीपर